फॉरेनचा टोंगया

हॉटेलात टेकल्याबरोबर विचारतात ना, पाणी साधं की बाटलीचं, अगदी तशा आवाजात जळगावच्या एका हॉस्पिटलात आम्हाला विचारलं गेलं, "इंडियन टाकायचा की इम्पोर्टेड?" विचारणारा डॉक्टरांचा सहाय्यक होता. त्याच्या हातात दुसऱ्याच पेशंटची फाईल होती आणि त्याला उत्तर उभ्याउभ्या हवं होतं. प्रश्न माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याचा होता.

आमच्या रावेरकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात. आईच्या बोलीत ळ चा य होतो, म्हणून तिचा तो टोंगया. सत्तरी उलटेपर्यंत तिने तो चुलीपुढे, बांधावर, केळीच्या बागेत, लोकांच्या ओसरीवर मनसोक्त वाकवला होता आणि आता तो झिजला होता. कळा सोसत कसंबसं खाली बसता यायचं, पण उठताना भिंत, खांब, नाना, जे हाताशी लागेल ते धरावं लागायचं. नाना म्हणजे माझे वडील. अख्खं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून आम्हीही. तिला उठवताना ते म्हणायचे, "अवो, मी काय खांब हाये का?" आणि हात मात्र आधीच पुढे केलेला असायचा.

ऑपरेशनचा आग्रह माझा नव्हता, भावाचा नव्हता, तिचाच होता. चालायचं तिला फारसं वेड नव्हतं. तिला खाली बसायचं होतं. आई खुर्चीला बसणं मानतच नाही. खुर्चीवर तलाठी बसतो, जावई बसतो, मत मागायला आलेला माणूस बसतो. बाईमाणूस जमिनीवर बसतं, तिथेच निवडतं, चिरतं, थापतं, शेजारणीशी भांडतं आणि तिथेच बसून तिची समजूतही काढतं. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टर पडद्यावर हाडांची चित्रं दाखवत असताना तिने त्यांना मध्येच तोडलं आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. मले खाली बसता यीन का, तेव्हढं सांगा."

डॉक्टर सज्जन होते. हसून म्हणाले, "काकू, इम्पोर्टेड टाकला तर जास्त वाकतो."

आम्ही सगळ्यांनी हे ऐकलं. मी, भाऊ, नाना, आई. आणि सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला.

आता इम्पोर्टेडमध्येही दोन होते. डॉक्टर म्हणाले, "एक जर्मन आहे, एक दुसरा आहे. दोन्ही उत्तम." झालं. आईचा चेहराच पडला. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मलचं भांडं म्हणतात. जर्मलचं पातेलं, जर्मलचा गंज. पडलं की चेपतं, चिंच लागली की काळं पडतं, आणि मोडीत घातलं तर भंगारवाला नाक मुरडतो. आईने माझा दंड धरला आणि कुजबुजल्यासारखं, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "जर्मलचा नको बाप्पा. जर्मल चेपतं. त्यायले म्हना, दुसऱ्या फॉरेनचा द्या."

डॉक्टर हसले, सहाय्यक हसला, आम्ही तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. नाना म्हणाले, "बराबर हाये तिचं. आपल्या घरचं जर्मल मी पाह्यलं हाये." हसण्याच्या भरात कोणी तिला समजावून सांगितलं नाही, आणि सांगायचं तरी कशाला, दोन्ही उत्तमच होते. त्या 'दुसऱ्या'वर खूण झाली.

वेदना गेली, हे आधी सांगायला हवं. नाहीतर माझं सगळंच रडगाणं वाटेल. ऑपरेशननंतर आई माझ्याकडे मेहरूणला राहिली. वॉकर धरून घरात फिरू लागली, मग काठीवर आली, मग तलावाच्या बाजूला सकाळची चक्कर मारून यायला लागली. चालताना दुखत नव्हतं. फक्त पाऊल टाकलं की गुडघ्यातून आवाज यायचा, कट्. फार मोठा नाही. पण घरात पंखा बंद असला तर आई कुठल्या खोलीत आहे ते मला स्वयंपाकघरात कळायचं.

आणि तो वाकेना. खुर्चीवर बसण्यापुरता वाकायचा, तिथे अडायचा. फिजिओथेरपीची मुलगी घरी यायची, गोड होती, रोज दाबून घ्यायची. आई दात आवळून सहन करायची, कारण तिच्या मते हे सगळं शेवटी जमिनीपर्यंत पोहोचायचं होतं. शेवटी एके दिवशी त्या मुलीने कोर्स संपला म्हणून सांगितलं आणि जाता जाता सूचना दिल्या. मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. खाली बसायचंच नाही, काकू, आयुष्यभर. संडासही खुर्चीचाच.

आईने तिला दोनदा विचारलं, "आयुष्यभर?" मग अगदी शांतपणे म्हणाली, "मंग काढून घ्या."

त्या मुलीला वाटलं चेष्टा आहे. मला माहीत होतं, नाही. बाजारातून आणलेल्या दळणाच्या डब्याचं झाकण घट्ट बसत नसेल तर जसा तो परत न्यायला सांगावा, तसं ती सांगत होती.

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नवा एक्स-रे काढला, उजेडात धरला आणि खरोखर आनंदाने म्हणाले, "बघा, किती सुंदर बसलाय!"

"तो बसला," आई म्हणाली. "मी कुठी बसली?"

 डॉक्टरांनी मला समजावलं, आईला नाही. "मी जास्त वाकतो म्हणालो होतो. मांडी घालता येईल असं म्हणालो नव्हतो." हे शब्दशः खरं होतं. मी विचारलं, मग कोणापेक्षा जास्त? तर ते म्हणाले, जुन्या मॉडेलपेक्षा. मी आवाजाचं विचारलं. त्यांनी स्वतः गुडघ्यावर तळहात ठेवून ऐकला आणि म्हणाले, "सर्जरीत काही दोष नाही. आवाज मटेरियलचा असू शकतो. ते कंपनीचं." मी मुद्दाम विचारलं की जर्मन टाकला असता तर खाली बसता आलं असतं का? माझ्या आवाजाला तोवर धार आली होती. ते म्हणाले, "असं सांगता येत नाही." हेही खरंच असणार. त्या खोलीत कोणी खोटं बोललं असतं तर मला किती बरं वाटलं असतं! निदान त्याला धरता आलं असतं.

फाईलला तो गुडघा ज्या खोक्यातून आला त्याचं स्टिकर चिकटवलेलं होतं. त्यावरून कळलं की कंपनी एका देशातली, माल दुसऱ्या देशात केलेला, आणि भारतात आणणारे मुंबईचे. मी तिथल्या नंबरवर फोन केला. एका बाईच्या आवाजाने हिंदीसाठी एक दाबायला सांगितलं, मराठीसाठी काहीच दाबायला सांगितलं नाही. बराच वेळ सतार वाजली. मग एका मुलाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅम, आप डॉक्टर हो?" नाही म्हटल्यावर म्हणाला की तक्रार डॉक्टरांकडूनच यावी लागते. डॉक्टरांना तर काही तक्रार नव्हती, त्यांना तो सुंदर बसलेला दिसत होता. परदेशातल्या पत्त्यावर ईमेल केला, तर उत्तर आलं की तुमच्या अनुभवाबद्दल आम्हाला खेद आहे, कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

माझा नवरा दीपनगरच्या वीज केंद्रात आहे, जळगावहून जाऊन-येऊन करतो. हा गडी सहसा जेवताना बोलत नाही. त्या दिवशी बोलला. त्यांच्याकडे बाहेरच्या देशातून साधं बेअरिंग आलं तरी खोकं कोणाच्या समोर उघडायचं ते ठरलेलं असतं. मोजमाप होतं, चाचणीचा दाखला बघतात, आणि बसवल्यावर ठरल्या मुदतीत आवाज आला तर त्या देशातून माणूस येतो. "विमानाने येतो," नवरा म्हणाला. "कान लावून ऐकतो. मी पाहिलाय." मग आईच्या खोलीकडे बघून तो पुन्हा वरणभाताकडे वळला. मला त्याचा राग आला. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं, पण त्या दिवसांत मला कोणाचाही राग येत होता.

आणि भावाचं ऐका. त्याची केळी परदेशी जाते. रावेरला पॅकिंग होतं, घडाच्या फण्या धुतात, पुसतात, फोममध्ये गुंडाळून खोक्यात ठेवतात, वर स्टिकर. मी फोनवर त्याच्यापाशी माझी कर्मकहाणी सांगितली. तो म्हणाला, "ताई, माह्या केयीवर तिकडे डाग दिसला तं फोटो येतो मोबाईलवर. कोन्त्या शेतातली, कोन्त्या दिवशी कापली, बठ्ठं त्यायले माहीत असतं. एकडाव बोटाएवढ्या डागासाठी मले फोनवर उभं केलं त्यायनं. म्हने, जबाबदार कोन?"

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हनलं, मीच. दुसरा कोन हाये?"

आमच्या केळीचा धनी ते तिथून शोधून काढू शकतात आणि त्यांच्या गुडघ्याचा धनी मला इथून सापडत नाही. केळं तर खाल्लं की संपतं. मला याच्यावर मोठ्याने हसावंसं वाटलं, पण हसू आलं नाही.

शेवटी मार्ग आईनेच काढला, आणि तो फक्त आईच काढू शकत होती. हॉस्पिटलमधून कळलं होतं की माल धुळ्याच्या एका सर्जिकल दुकानातून आला होता. हे ऐकल्यापासून ती एकच धोशा लावून बसली. "धुयाले चाल."

"आई, फोनवर विचारते मी."

"फोनवर काय दिसतं? वस्तू खराब निंघाली तं दुकानात नेऊन दाखवा लागते. माल पाह्यल्याबिगर तो कसा मानीन?"

मी हजार वेळा सांगितलं की हे तसं नसतं. मग विचार केला, कसं असतं ते मला तरी कुठे माहीत आहे? भाऊ गावाहून गाडी घेऊन आला. नानाही आले होते. माझ्याकडे थांबले, धुळ्याला आले नाहीत. त्यांनी निघताना आईला सांगितलं, "त्याले इंग्रजीत सांगून पाह्य, वाक म्हना. मराठी समजत नसीन त्याले." आई म्हणाली, "तुमचं काय जातं बोलायले." पण तिला आवडलं होतं. गाडीत एरंडोल येईपर्यंत तिने ते मला दोनदा सांगितलं.

दुकान आग्रा रोडच्या जवळ होतं. पुढे वॉकर, काठ्या, खुर्चीचे संडास उलटे टांगलेले. मागे काचेचं कपाट. मालक पन्नाशीचे, घराणं मूळचं राजस्थानकडचं, बोलणं अस्सल धुळ्याचं. मी मनात भांडण तयार करून नेलं होतं, पहिलं वाक्य तर पाठ होतं. पण आई माझ्या आधी पुढे झाली. तिथल्या स्टुलावर बसली, लुगडं गुडघ्याच्या वर जाऊ न देता नीट आवरलं, आणि म्हणाली, "शेठ, हा तुमच्या दुकानातला टोंगया. आयका."

तिने पाय उचलून वाकवला. कट्.

शेठ गल्ल्यामागून उठले. जवळ येऊन उभे राहिले. "आई, पुन्हा एकदा." पुन्हा कट्. दुकानात वॉकर घ्यायला आलेले एक म्हातारे बाबा होते. ते लांबूनच म्हणाले, "मन्हा बी असाच वाजस, माय. आते सवय व्हई गयी." आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिला सवय करून घ्यायची नव्हती. तिने शेठना तिसऱ्यांदा वाजवून दाखवलं आणि मग वाट बघत बसली, आता हा माणूस काय करतो म्हणून.

शेठनी आमच्यासाठी चहा सांगितला. समोर बसले. म्हणाले, "आई, याच गाळ्यात माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. हंडा गळतो म्हणून कोणी आणला तर वडील त्यात पाणी भरून ठेवायचे. गळला की बदलून द्यायचे, कोणी बनवला ते विचारायचे नाहीत. दुकानातून गेला म्हणजे आमचा. पण मी हे खोकं उघडतसुद्धा नाही. सील तोडायचा मला अधिकार नाही. हॉस्पिटलचा फोन येतो, मी पोचवतो. आत काय आहे ते मी आजवर डोळ्यांनी बघितलेलं नाही. त्याचा आवाजही आज पहिल्यांदा ऐकला."

मग त्यांनी स्वतःहून मुंबईला फोन लावला, स्पीकरवर. तिकडचा माणूस शेठना ओळखत होता, म्हणून सतार वाजली नाही. शेठनी सगळं सांगितलं. मग मला बोलायला लावलं. मी म्हटलं, आम्ही ग्राहक आहोत, आम्हाला उत्तर हवंय. तो म्हणाला, "मॅडम, टेक्निकली तुम्ही आमचे कस्टमर नाही. कस्टमर हॉस्पिटल आहे."

"मग माझी आई कोण आहे?"

"एंड यूजर."

मी त्याला म्हटलं की हा शब्द माझ्या आईला मराठीत सांग. त्याने सांगितला नाही, आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसं त्या मुंबईच्या मुलाला वाट्टेल ते बोलले. तोही नोकरच. तो शांतपणे ऐकत राहिला, त्यांना तसं शिकवतच असतील. सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, प्रॉडक्ट सगळ्या जगात चालतंय. खाली बसण्याची कंप्लेंट दुसऱ्या कुठून आलेली नाही."

अर्थात. जे बनवतात ते खाली बसतच नाहीत. त्यांनी जिने चढून बघितले असतील, गाडीतून उतरून बघितलं असेल, टेकडी उतरून बघितली असेल. रावेर तालुक्यातली एखादी बाई चुलीपुढे बसवून कोणी बघितलं नसणार. दोष कशाला म्हणायचा हेच जिथे तिकडे ठरतं, तिथे दोष आहे हे मी सिद्ध कसं करणार? धुळ्याच्या त्या दुकानात मला पहिल्यांदा हे पुरतं कळलं.

निघताना शेठनी आईला खुर्चीवर ठेवायची एक जाड गादी दिली, पैसे घेईनात. आईनेही घेतली नाही. "मी मांगाले नही आली. दाखवाले आली व्हती," ती म्हणाली. शेठनी तिला वाकून नमस्कार केला. परतताना पारोळा मागे पडला. मग आईच म्हणाली, "मानूस चांगला व्हता बिचारा." भावाने गिअर बदलला. मला वाटलं, वाईट असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर आई गावी गेली आणि जणू मुक्कामाला आलेल्या अनोळखी माणसाबरोबर राहावं तशी त्या गुडघ्याबरोबर राहू लागली. भावाने चुलीखाली विटा रचून ती उंच करून दिली, पण उभ्याने तिची भाकरी फाटायची. ती म्हणायची, भाकरीला मांडीचा अंदाज लागतो. वहिनीने भाकरीचं काम हातात घेतलं. शेजारणी ओसरीवर तूर निवडायला जमल्या की ही एकटी वर लाल प्लास्टिकच्या खुर्चीत, आणि बोलणं तिच्या पायांच्या उंचीवर चाललेलं. हळूहळू ती तिथे बसेनाशी झाली. आतल्या खोलीत जाऊन पलंगावर पडून राहायची. फोनवर मला सांगायची, "जर्मलचाच दिला त्यायनं. नाव दुसरं सांगतलं." मी आता समजावत नव्हते.

नाना मात्र तिला सोडत नव्हते. ते जन्मभर तिच्यासमोर पाटावर बसून जेवले होते. आता ती खुर्चीत, ते खाली. मी त्यांना टेबल घेऊन देते म्हटलं तर म्हणाले, "मले कायले? माहे टोंगये देशी हायेत." आणि आईकडे मान वर करून, "हात दाखवून अवलक्षण म्हनतात, हिनं टोंगया दाखवून केलं." ती रागावून त्यांच्या ताटात वरून भाकरीचा तुकडा टाकायची. तेवढं तरी चालू होतं.

पौषात नानांना ताप आला. रावेरला दाखवलं, औषधाने उतरला. भाऊ म्हणाला, आता ठीक आहे, येऊ नको. दोन दिवसांनी सकाळी चहा घेता घेता त्यांनी कप खाली ठेवला, आडवे होतो म्हणाले आणि गेले.

मी पोहोचले तेव्हा त्यांना अंघोळ घालून ओसरीवर निजवलेलं होतं. जमीन सारवलेली, त्यावर चटई, त्यावर नाना. भोवती बायका दाटीवाटीने बसलेल्या. आणि त्या सगळ्यांच्या वर, डोक्याच्या बाजूला, लाल खुर्चीत आई. पदर डोक्यावर, हात मांडीवर. मी आत शिरल्याबरोबर रडत तिच्या गळ्यात पडले, तर तिने मला जवळ घेतलं, पण नजर नानांवरून हलवली नाही. ती वाकली. जितकं वाकता येईल तितकं. हात त्यांच्या कपाळापासून वीतभर वर राहिला. खुर्ची पुढे कलंडायला लागली तशी वहिनीने मागून धरली.

"मले खाली बसाडा," आई म्हणाली.

भाऊ आणि चुलतभाऊ पुढे आले. बगलेत हात घालून तिला उचललं, अर्ध्यावर आणलं, आणि तिथे तो पाय आडवा आला. खुर्चीच्या उंचीखाली वाकेचना. खाली न्यावं तसा काठीसारखा पुढे जायला लागला, पाऊल नानांच्या खांद्याच्या दिशेने. आई ओरडली. दुखून नाही. "नको! पाय लागीन त्यायले!"

कोणीतरी म्हणालं, पलीकडून बसवा, तिकडे पाय लांब करतील. आईने मान हलवली. सगळा गाव भोवती बसलेला असताना नवऱ्यापाशी पाय पसरून बसायचं? आणि आज? "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "वरच ठेवा मले." भावांनी तिला परत खुर्चीत ठेवलं. भावाने तोंड भिंतीकडे केलं. हा तोच भाऊ, परक्या देशातल्या डागासाठी फोनवर 'मीच जबाबदार' म्हणणारा. आता त्याला विचारणारं कोणी नव्हतं आणि सांगायलाही काही नव्हतं. मला त्या क्षणी त्या डॉक्टरांना, शेठना, मुंबईच्या मुलाला, त्या दुसऱ्या देशातल्या कारखान्याला, सगळ्यांना एकदम ओसरीवर आणून उभं करावंसं वाटलं. आणून काय केलं असतं? ते म्हणाले असते, खेद आहे. त्यांना खराच झाला असता.

बाहेर बांबू बांधायचा आवाज येत होता. वेळ फार नव्हता.

आईने मला हाक मारली. "तू बस. त्यायच्यापाशी." मी नानांच्या उशाशी मांडी घालून बसले. मला मांडी घालता आली, सहज आली, आणि त्याची मला लाज वाटली.

"माह्या वाटचा हात फिरव," आई वरून म्हणाली. "कपायावर. हां. आता कानामांगे, तिथी त्यायले बरं वाटायचं."

मी तिच्या सांगण्याप्रमाणे हात फिरवला. दाढी टोचत होती. बायका रडायच्या थांबल्या होत्या. आई खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून, माझ्या हाताकडे डोळे लावून बसली होती.

मग तिने विचारलं, "गार लागतात का?"

मी म्हटलं, "हो आई. गार लागतात."